तट्टूचा घास

विश्रांतवाडी, पुणे
२० ऑगस्ट २०२५

चि. द्वारकाबाई यांस,
रावसाहेबाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

लेखणी सवयीने 'चि. सौ.' लिहायला निघाली होती, तिला आवरली. धाकट्या भावाच्या माघारी त्याच्या बायकोच्या नावापुढे जे लिहायचा रिवाज आहे, ते माझ्याच्याने लिहवत नाही. तेव्हा नुसतं 'चि.' गोड मानून घ्या.

आता एकेकाची खुशाली सांगा. तुमचा रक्तदाब कसा आहे? गोळी घेता, की डबी उघडून तिचं दर्शन तेवढं घेता? दिग्विजयची मान बरी आहे का? त्या संगणकापुढे बसून पोराची मान बगळ्यासारखी झाली आहे. नम्रताची ऑफिसची धावपळ कशी चालली आहे? आमच्या सृष्टीबाईंचे पुढचे दात आले, की अजून खिडकी उघडीच? आणि घरातलंच एक माणूस म्हणून विचारतो, मागच्या शेडमधला तट्टू कसा आहे?

इकडची हकिगत अशी. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, पण दिवाळीपर्यंत खाटेवरून अंगणापलीकडे जायची परवानगी नाही. सुशीलाबाईंचे गुडघे बोलतात आणि माझे कान ऐकत नाहीत. दोघं मिळून एक धड माणूस होतो, तेवढ्यावर संसार चालू आहे. फोनवर मला नुसता भुंगा ऐकू येतो, म्हणून हे पत्र. एकाच शहरात कसली पत्रं पाठवता, असं पोस्टमन विचारत होता. त्याला म्हटलं, विश्रांतवाडीहून कर्वेनगरला माणूस पोचेपर्यंत पत्राचं उत्तरही येऊन पडतं.

बद्री होता तेव्हा दर रविवारी तट्टूवर बसून शेजारच्या शाळेच्या मैदानातलं गवत कापायचा आणि सोमवारी मला त्याचं सविस्तर वर्णन पाठवायचा. कारखान्याच्या वसाहतीत माळीकाम केलं, बाग मोडली तेव्हा त्यांनी गवत कापायचा तो बसका ट्रॅक्टर त्यालाच देऊन टाकला, आणि बद्रीला जणू घोडदळात सरदारकी मिळाली. सध्या त्याला कोण बघतं?

सुशीलाबाई आठवण काढतात. उत्तर धाडा.

तुमचा,
रावसाहेब


कर्वेनगर, पुणे
२६ ऑगस्ट २०२५

ती. स्व. भाऊजी यांचे चरणी,
द्वारकाचा सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. 'सौ.' गाळलंत आणि दुसरं काही लिहिलं नाहीत, हे बरं केलंत. बाकी सगळे लिहितात.

सगळ्यांची खुशाली ओळीने सांगते. मी गोळी घेते. दिग्विजय मानेला पट्टा लावतो आणि कोणी आलं की काढून ठेवतो. नम्रता आठवड्यात तीन दिवस ऑफिसात आणि चार दिवस घरात ऑफिसात असते. सृष्टीचा एक दात आला, तो जरा तिरका आहे. उद्या गणपती, पण यंदा आपल्याकडे सण नाही. आळीत ढोल वाजतात तेव्हा खिडकी लावून घेते.

तट्टू बरा नाही, भाऊजी. तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, म्हणून सगळं लिहिते.

गेल्या दसऱ्याची गोष्ट. आधीचा सगळा आठवडा हे शेडमध्येच होते. तेल बदललं, प्लग नवा घातला, पाती धार लावून आणली. हवेच्या फिल्टरचा स्पंज धुऊन माझ्या साडीशेजारी दोरीवर वाळत घातला होता, त्यावरून मी बोललेसुद्धा. खंडेनवमीला संध्याकाळी सगळ्या हत्यारांची आणि तट्टूची पूजा केली. दसऱ्याला सकाळी शाळेतली मंडळी मैदानावर उभी होती. ह्यांनी किल्ली फिरवली. इंजिन नुसतं फिरत राहिलं, पेटेना. पुन्हा फिरवली. तीन-चारदा झालं. हे खाली वाकले, घाम फुटला, हात थरथरायला लागले. ते थरथरणं दोन वर्षांपासूनचं, तुम्ही पाहिलं आहे. दिग्विजय घाबरला. त्याने पुढे होऊन किल्ली काढून घेतली आणि सगळ्यांदेखत म्हणाला की बाबा, पुरे झालं, आता तुमच्या हातून हे होत नाही. काळजीपोटी बोलला, ते मला ठाऊक आहे.

ह्यांनी नट सोडवायचे पाने पुसले, माझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळले आणि माळ्यावर ठेवून दिले. शेडमध्ये पुन्हा पाऊल टाकलं नाही. दिवाळीनंतर एकदा तळहाताकडे बघत मला विचारलं की आधी हात जातो की माणूस जातो गं? मी म्हटलं, काहीतरीच. कार्तिकातच गेले.

मागच्या महिन्यात दिग्विजयने मेकॅनिक आणला होता. त्याने स्वतःची बॅटरी जोडून किल्ली फिरवली, इकडून तिकडून पाहिलं आणि म्हणाला की कुणा अडाण्याने हे उघडून बसवलंय, इंजिन खलास, भंगारात द्या. वर्षश्राद्ध झालं की आम्ही सगळ्यांनी खराडीच्या नव्या घरी राहायला जायचं ठरलं आहे. त्याआधी शेड रिकामी करायची, म्हणून दसऱ्यानंतर भंगारवाला येणार.

लोखंड जातंय तर जाऊ दे, भाऊजी. लोखंडासाठी मी रडणार नाही. पण ह्यांचा हात खरंच गेला होता का, त्या आठवड्यात ह्यांनी जे केलं ते चुकलं होतं का, एवढं मला कळलं पाहिजे. ते ह्या प्रश्नासकट गेले. मला त्याच्यासकट जायचं नाही.

शिलाई मशीन मी गेली कित्येक वर्षं स्वतः उघडते, स्वतः बसवते. तुम्ही पत्रातून सांगा, मी तट्टू उघडते. दिग्विजयला सांगितलेलं नाही. किल्ली त्याच्याकडेच आहे.

जाऊबाईंना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू द्यावा.

द्वारका


विश्रांतवाडी
१ सप्टेंबर २०२५

चि. द्वारकाबाई यांस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून बराच वेळ छताकडे बघत पडून राहिलो. सुशीलाबाईंना वाटलं खुबा दुखतोय. नुसता खुबाच दुखत असता तर बरं होतं.

खोटं लिहीत नाही. बद्रीचा हात गेला असावा, असं मलाही वाटायचं. शेवटी आला होता तेव्हा चहाचा कप बशीवर वाजत होता. तेव्हा उघडून पाहिल्यावर जे निघेल ते निघेल. मेकॅनिक म्हणाला तेच निघालं तर तेही ऐकायची तयारी ठेवा. तयारी नसेल तर शेडला कुलूप लावा, मी काही म्हणणार नाही. तुम्ही मात्र कुलूप लावणार नाही, हेही मला ठाऊक आहे. म्हणून पुढचं लिहितो.

आधी प्लगवरची रबरी टोपी ओढून काढा आणि बाजूला ठेवा. सापाचे दात काढल्याशिवाय पेटाऱ्यात हात घालू नये. ही टोपी निघाली की इंजिन चुकूनही पेटत नाही.

मग टाकीतलं पेट्रोल काढून टाका. नळी कुठली ते कळेल, टाकीच्या बुडाशी आहे. वर्षभर पडलेलं पेट्रोल शिळ्या ताकापेक्षा वाईट, आणि हल्लीचं तर लवकरच नासतं. हे काम उघड्यावर करा. आसपास उदबत्ती, निरांजन, शेजाऱ्याची विडी, काहीही नको.

मग प्लग. लांब नळीचा पाना फडक्यातल्या गाठोड्यात सापडेल. हळू सोडवा, जोर करू नका, बरणीचं झाकण आटे चुकून बसलं की कसं होतं तसं होईल. टोक काळं आहे, तेलकट आहे, की कोरडं, ते मला लिहा. टोकाशी जी फट असते तिच्यात करवतीचं जुनं पातं घालून बघा. पातं सरकायला हवं, पण खुळखुळायला नको. बद्री असंच मोजायचा, मीच शिकवलं होतं. हात गेलेल्या माणसाला ही फट जमत नाही, एवढं मात्र मी छातीवर हात ठेवून सांगतो.

शेवटी तेलाची काठी काढून तेल बघा आणि जेवढे नट दिसतात तेवढ्यांना बोट लावून बघा. सैल किती, घट्ट किती ते कळवा.

चष्मा लावून काम करा. दमलात की थांबा. तट्टू वर्षभर थांबला आहे, आणखी एक दिवस थांबेल.

तुमचा,
रावसाहेब


कर्वेनगर
८ सप्टेंबर २०२५

ती. स्व. भाऊजी,
सा. न. वि. वि.

सांगितलंत तसं केलं. दुपारी, सृष्टी शाळेत आणि बाकीचे ऑफिसात असताना.

पेट्रोल काढलं, त्याला कपाटाच्या जुन्या रोगणासारखा वास येत होता. प्लगला हात लावायच्या आधी मी मशीनला करते तसा तट्टूलाही नमस्कार केला. प्लग अगदी सहज सुटला. टोक स्वच्छ, नवं कोरं, थोडं पेट्रोलने ओलं. पातं घातलं. भाऊजी, पातं सरकलं आणि खुळखुळलं नाही. तीनदा घालून पाहिलं.

तेल मधासारखं आहे, जळलेलं नाही. नट सगळे घट्ट. आणि प्रत्येक नटावर गुलाबी ठिपका आहे. आधी कळेना. मग ध्यानात आलं, सृष्टीची नखं रंगवायची बाटली गेल्या वर्षी हरवली होती आणि तिने घर डोक्यावर घेतलं होतं. नट आवळला की ठिपका द्यायचा, ही ह्यांची वसाहतीतली सवय. रंग संपला असेल, तर नातीचा उचलला. ठिपके गोल आहेत हो. एकही फरफटलेला नाही. शेडमध्ये एकटी बसून हसले, मग रडले, मग हात धुऊन कुकर लावला.

पण मग चुकलं कुठे? तेल बरोबर, प्लग बरोबर, नट बरोबर. सगळं बरोबर असताना इंजिन पेटत नाही, हे मला जास्त भिववतं. जिथे चुकलं ते माझ्या डोळ्यांना दिसतच नसेल, असं वाटतं.

पितृपंधरवडा लागला. शेजारच्या काकू गच्चीवर पान ठेवून कावळ्याला हाका मारतात. आपलं वर्ष व्हायचं आहे, म्हणून मी नुसती बघते.

जाऊबाईंनी पाठवलेला मसाला पोचला. उत्तराची वाट बघते.

द्वारका


विश्रांतवाडी
१३ सप्टेंबर २०२५

चि. द्वारकाबाई यांस,
आशीर्वाद.

गुलाबी ठिपक्यांचं वाचलं आणि पत्र सुशीलाबाईंच्या हातात दिलं. त्या डोळे पुसत म्हणाल्या की भावोजींनी नखांना लावलं नाही हे नशीब.

तुम्हाला जे भिववतं त्यानेच मला धीर आला. प्लग ओला म्हणजे पेट्रोल आत पोचत होतं. ठिणगी पाडायची सोय बरोबर होती. म्हणजे अन्न होतं, विस्तव होता. राहिला श्वास. इंजिनही आपल्यासारखंच आहे, छातीत हवा ओढायची आणि दाबून धरायची. दाबून धरता आली नाही तर पेटत नाही. किल्ली फिरवल्यावर ते नुसतं मोकळं फिरत राहिलं, असं तुम्हीच लिहिलं आहे. त्या वाक्यावर मी आधीच अडायला हवं होतं.

प्लगची टोपी दूरच राहू द्या. प्लग काढून त्याच्या भोकावर अंगठा घट्ट धरा. दुसऱ्या हाताने वरचं जाळीदार चाक फिरवा. ते हाताने फिरतं, किल्ली लागत नाही. आतून अंगठ्याला धक्का बसला तर श्वास ठीक. नाही बसला तर आतलं एखादं झडपेचं दार मिटत नाही.

मिटत नसेल तर हवेच्या फिल्टरचा डबा काढा, त्याच्या मागचा कार्बोरेटर काढा. दोन नट, एक स्प्रिंग. स्प्रिंग कुठल्या भोकात होती ते आधी बघून ठेवा. सुटे भाग मशीनचे ठेवता तसे ओळीने कापडावर मांडा. मग उघड्या भोकात बॅटरीचा झोत टाका. आत एक गोल दार दिसेल, नाण्याएवढं. चाक हळूहळू फिरवलं की ते उघडतं आणि मिटतं.

एक लिहिताना हात जड होतो. दाराची कड जळून कुरतडलेली निघाली तर ते बद्रीच्या हाताचं पाप नाही, वयाचं आहे. पण वाकडं बसवलेलं निघालं तर तो हाताचा दोष. काय दिसेल ते तसंच लिहा. मला बरं वाटावं म्हणून साखर घालू नका.

रावसाहेब


कर्वेनगर
२० सप्टेंबर २०२५

ती. स्व. भाऊजी,
सा. न. वि. वि.

साखर घातलेली नाही.

अंगठा धरला, चाक फिरवलं. धक्का नाही. गळ्यातून घरघर आल्यासारखा नुसता हुंकार यायचा, तोही कार्बोरेटरच्या बाजूने. मग थांबले, पाणी प्यायले आणि डबा काढला, कार्बोरेटर काढला. स्प्रिंग कुठल्या भोकात होती ते खडूने फरशीवर काढून ठेवलं.

कार्बोरेटरच्या घशातच दोन दाणे चिकटलेले होते. तांदळाचे. वाटलं, उंदीर. शेडमध्ये उंदीर आहेतच. मग बॅटरीने आत पाहिलं. गोल दार दिसलं, कड अगदी साफ, कुठे जळलेली नाही, वाकडी नाही. पण दार पुरतं मिटत नव्हतं. दार आणि चौकट ह्यांच्यामध्ये आणखी एक दाणा आडवा अडकला होता. कडेने थोडा चेपलेला.

चाक एवढंसं फिरवून दार उघडं केलं आणि क्रोशाच्या सुईने दाणा काढला. दोन्ही हातांनी सुई धरली होती. काढून तळहातावर घेतला. मळलेला होता, पण पदराने पुसल्यावर लाल झाला. भाऊजी, उंदीर कुंकू लावलेले तांदूळ कुठून आणेल? ह्या अक्षता आहेत.

तिन्ही दाणे काढल्यावर पुन्हा अंगठा धरून चाक फिरवलं. आतून असा धक्का बसला की अंगठा उडाला. ह्यांनी स्वयंपाकघरात मागून येऊन हात दाबावा तसं वाटलं. लिहू नये ते लिहून गेले, वडीलधाऱ्या माणसाला. पण पन्नास वर्षं तुमच्यापुढे डोक्यावरचा पदर न ढळू देता जे बोलले नाही, ते ह्या पत्रांत बोलते आहे, तेव्हा हेही चालेल.

दाणे बॉबिनच्या डबीत ठेवले आहेत. ते आत कसे गेले ते मला कळत नाही. तुम्हाला कळलं तर लगेच लिहा. भंगारवाल्याला दिग्विजयने दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बोलावलं आहे.

द्वारका


विश्रांतवाडी
२४ सप्टेंबर २०२५

चि. द्वारकाबाई यांस,
अनेक अनेक आशीर्वाद.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. तुमच्या तीन दाण्यांवरून मला सगळा दिवस दिसला.

आमच्या वडलांचं वावरात डिझेल इंजिन होतं, ते तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा भंगार झालेलं होतं, म्हणून तुम्ही पाहिलं नाही. त्याच्या डोक्यावर थंडाव्यासाठी पाण्याची उघडी टाकी होती. खंडेनवमीला वडील हत्यारांना नुसतं हळद-कुंकू लावायचे, पण इंजिनाला घास द्यायचे. मूठभर अक्षता त्या उघड्या टाकीत. जे आपल्यासाठी राबतं त्याला उपाशी पुजायचं नाही, असं म्हणायचे. बैलाला पोळ्याला देतात तसं. टाकीतल्या तांदळाने इंजिनाचं काही बिघडत नव्हतं, दुसऱ्या दिवशी पाणी बदललं की झालं.

पुण्यात तट्टू आल्यावर मी बद्रीला चेष्टेने विचारलं होतं की आता टाकी कुठाय, घास कुठे देतोस? तो अगदी गंभीरपणे म्हणाला की दादा, जिथून तो श्वास घेतो तिथे, झाकणावर. म्हणजे हवेच्या फिल्टरच्या डब्यावर. दरवर्षी तिथेच द्यायचा.

आणि गेल्या खंडेनवमीला स्पंज तुमच्या साडीशेजारी दोरीवर वाळत होता. तुम्हीच लिहिलंत. स्पंज बाहेर म्हणजे डब्याचं झाकण काढलेलं. संध्याकाळची वेळ, शेडमधला मिणमिणता दिवा, हातात अक्षता. त्याने नेहमीच्या जागी घास ठेवला, पण त्या जागी झाकण नव्हतं, उघडा घसा होता. सकाळी स्पंज बसवला, झाकण लावलं. किल्ली फिरवल्याबरोबर तट्टूने घास गिळला आणि तो घशात अडकला.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी लिहून देतो आणि खाली सही करतो. बद्रीचा हात गेला नव्हता. थरथरत होता, पण कामात चुकला नाही. जे आत गेलं ते पूजेतलं होतं.

त्याला दुसऱ्यांदा बघू दिलं असतं तर त्याने स्वतःच अंगठा धरला असता आणि दाणे काढून तुम्हा सगळ्यांना दाखवत हसला असता. ती वेळ त्याला मिळाली नाही. ह्यावर आता माझ्याजवळ औषध नाही, तुमच्याजवळही नाही. हे आपल्याला असंच बाळगायचं आहे. पण दिग्विजयवर राग धरू नका. बापाला घाम फुटलेला बघून कुठलाही पोरगा किल्ली काढून घेईल. त्याला हे पत्र वाचायला द्या. मात्र आधी जेवू घाला.

पितृपंधरवड्यात लोक गच्चीवर घास घेऊन उभे होते आणि कावळ्याने शिवावं म्हणून हात जोडत होते. त्याच दिवसांत आमच्या बद्रीने ठेवलेला घास तुमच्या हाती आला. मी देवभोळा नाही, पण हे वाचून उशाशी ठेवलेली टोपी डोक्यावर घातली आणि हात जोडले.

कार्बोरेटर बसवताना स्प्रिंग तुमच्या खडूच्या खुणेप्रमाणे. ताजं पेट्रोल थोडंच घाला. तट्टूची बॅटरी दुकानात चार्ज करून आणावी लागेल. यंदा सण नाही, तेव्हा पूजा नाही आणि घासही नाही. तट्टूलाही पचायला वेळ हवा.

तुमचाच,
रावसाहेब


कर्वेनगर
३ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. भाऊजी आणि सौ. जाऊबाई यांस,
द्वारकाचा सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं दिग्विजयला आधी जेवू घातलं. मग डबी उघडून दाणे बशीत ठेवले आणि तुमचं पत्र त्याच्यापुढे केलं. त्याने उभ्याउभ्याच वाचलं. मग बसून वाचलं. मी म्हणाले की तुला दोष द्यायला दाखवत नाही, मला एकटीला हे पेलवत नाही म्हणून दाखवते. तो उठला, ऑफिसची बॅग घेऊन आला, आतल्या छोट्या कप्प्याची चेन उघडली आणि तट्टूची किल्ली माझ्यापुढे ठेवली. वर्षभर तो ती रोज ऑफिसात नेत होता आणि परत आणत होता. नम्रतालाही ठाऊक नव्हतं. नंतर बराच वेळ मोरीचा नळ चालू होता. मी दार वाजवलं नाही.

दसऱ्याला सकाळी बॅटरी लावली. मी किल्ली त्याच्याच हातात दिली. चोक कुठे असतो ते त्याला माहीत नव्हतं, मी दाखवला. पहिल्यांदा पेटलं नाही. त्याचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, पुन्हा फिरव, दुसऱ्यांदा बघायचं असतं. दुसऱ्यांदा खोकलं. तिसऱ्यांदा पांढऱ्या धुराचा लोट आला, सृष्टी पळत माझ्यामागे लपली, आणि मग भाऊजी, तट्टू चालू झाला. एकसारखा, न अडखळता. दिग्विजय सीटवर बसून होता, दोन्ही हात चाकावर ठेवून, मान खाली. चालू इंजिनाच्या आवाजात त्याचं रडणं ऐकू आलं नाही, खांदे तेवढे दिसत होते.

मग त्याने मैदान कापलं. वर्षाचं गवत, गुडघ्याएवढं, दोन दमांत कापावं लागलं. रेघा सगळ्या वाकड्या. शाळेच्या शिपायाने भिंतीला टेकून शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाला की साहेब, मैदान कापलंत की मैदानाचा भांग पाडलात? तुमचे वडील दोरी लावल्यासारखं कापायचे. दिग्विजय म्हणाला की हो, त्यांचा हात होता. सगळ्यांदेखत म्हणाला.

आज सकाळी भंगारवाला आला होता. गंजलेलं कपाट घेऊन गेला. तट्टू आता शाळेच्या आवारात पत्र्याखाली राहील. आम्ही खराडीला गेलो तरी रविवारी दिग्विजय मला घेऊन इकडे येणार आहे. तो कापेल, तेल मी बघेन.

एक दाणा डबीत ठेवला आहे, चेपलेला. बाकीचे दोन शाळेच्या मैदानाच्या कडेला ह्यांनी लावलेल्या बकुळीखाली ठेवले. चिमणीने नेले असतील.

तुम्हाला तट्टूचा आवाज ऐकवता येत नाही, ह्याचं फार वाईट वाटलं. फोन कानाशी धरूनही उपयोग नाही. म्हणून पाकिटात चिमूटभर कापलेलं गवत घातलं आहे.

द्वारका


विश्रांतवाडी
८ ऑक्टोबर २०२५

चि. द्वारकाबाई यांस,
दिग्विजय, नम्रता, सृष्टी सगळ्यांना आशीर्वाद.

पाकीट फोडलं तसं गवत पांघरुणावर सांडलं. सुशीलाबाई झटकायला लागल्या, मी त्यांचा हात धरला.

वाळलं होतं, तरी चुरगाळल्यावर वास आला. त्यात थोडा पेट्रोलचा होता. बद्री रविवारी दुपारी इकडे यायचा तेव्हा त्याच्या सदऱ्याला हाच वास यायचा आणि सुशीलाबाई त्याला ओट्याजवळ येऊ द्यायच्या नाहीत. डोळे मिटून पडलो. माझे कान गेलेत, पण काही काळ मला तट्टू स्पष्ट ऐकू आला, दुरून, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला वळताना.

दिग्विजयला सांगा, रेघ सरळ यायला हवी असेल तर पुढच्या चाकाकडे बघू नये, समोरच्या भिंतीकडे बघावं. हे मला बद्रीने सांगितलं होतं.

थंडी पडायच्या आत पुन्हा एकदा तेल बघा. माया आहेच, ती ह्या पत्रांनी आणखी जवळ आली. लवकर पत्र लिहा, आणि पाकिटात गवत घालायला विसरू नका.

तुमचा,
रावसाहेब